काळाची तेरीज: ‘टर्मिनेटर’ मालिकेतील सनावळीच्या विसंगती कशा शोधाव्यात आणि कशा मांडाव्यात

1984 सालच्या ‘द टर्मिनेटर’ या चित्रपटाच्या सुरुवातीलाच, भविष्यातून लॉस एंजेलिसच्या एका गल्लीत येऊन पडलेला काइल रीझ हा सैनिक एका पोलिसावर पिस्तूल रोखून आजची तारीख विचारतो, आणि तो पोलीस ‘12 मे, गुरुवार’ असे सांगतो. त्याआधी पडद्यावर 1984 हे वर्ष लिहून आलेले असते. 1984 चे कॅलेंडर काढून पाहिले तर 12 मे रोजी शनिवार होता. त्या तारखेला गुरुवार होता तो आदल्या वर्षी, 1983 मध्ये. या चित्रपटाचे चित्रीकरण मुळात 1983 मध्ये व्हायचे होते, पण अर्नोल्ड श्वार्झनेगर दुसऱ्या चित्रपटासाठी करारबद्ध असल्याने ते लांबले आणि 1984 मध्ये झाले. वर्ष बदलले आणि वार तसाच राहून गेला असावा, असा माझा अंदाज आहे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. काटापट्टीवर एक वजन आणि हिशेबपट्टीवर दुसरे, असा प्रकार आमच्याकडे हंगामात रोज एखादा तरी निघतो, आणि तो कसा धरायचा याची रीतही ठरलेली आहे. चित्रपटमालिकेतील कालविसंगती शोधण्यासाठी हीच रीत वापरावी, असे मला भाच्याबरोबर हे सहा चित्रपट पाहताना सुचले. ते अनुक्रमे 1984, 1991, 2003, 2009, 2015 आणि 2019 साली आले, म्हणजे पस्तीस वर्षे आणि पाच दिग्दर्शक. जेम्स कॅमेरॉन यांनी पहिले दोनच दिग्दर्शित केले. एवढ्या हातांनी लिहिलेली वही एका फटक्यात जुळली असती तरच नवल. खाली दिलेली पद्धत कोणत्याही लांबलेल्या विज्ञानमालिकेला लागू पडते; उदाहरणे मात्र मी मुख्यतः याच मालिकेतून घेतली आहेत, कारण पद्धत समजण्यासाठी दहा मालिकांना स्पर्श करण्यापेक्षा एकीचाच हिशेब शेवटपर्यंत लावणे बरे. मालिका न पाहिलेल्यांसाठी कथा एका ओळीत: भविष्यात स्कायनेट ही प्रणाली माणसांवर उलटून अणुयुद्ध घडवते, माणसांचा नेता जॉन कॉनर जन्मूच नये म्हणून 2029 मधून एक यंत्रमानव त्याची आई सारा हिला मारायला पाठवते, आणि तिच्या रक्षणासाठी जॉन ज्या रीझला पाठवतो तोच जॉनचा बाप ठरतो.

आधी प्रत ठरवावी

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक चित्रपटाची कोणती प्रत प्रमाण धरायची, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. 1991 च्या दुसऱ्या भागाची चित्रपटगृहातील प्रत 137 मिनिटांची आहे, तर नंतर आलेली विस्तारित प्रत अडीच तासांहून मोठी आहे. याच भागासाठी चित्रित करून नंतर वगळलेला एक शेवटही आहे, ज्यात 2029 साली वृद्ध सारा कॉनर बागेत निवांत बसलेली दिसते आणि युद्ध झालेच नाही असे कळते. हा शेवट जमेस धरला, तर 2003 आणि 2019 च्या पुढच्या भागांची वाटच बंद होते. म्हणजे एका दृश्यामुळे विसंगतींची अख्खी यादी बदलते. मी चित्रपटगृहातील प्रतच प्रमाण धरतो आणि बाकी सर्व दृश्यांना परिशिष्टात जागा देतो.

भाषेचेही तसेच. डब केलेल्या प्रतीत संवाद ओठांच्या हालचालीत बसवावे लागतात आणि त्यात एखादा आकडा सहज हलतो, म्हणून तारखांसाठी मूळ ध्वनी आणि उपशीर्षके एकत्र तपासावीत. आणखी एक बारीक गोष्ट जुन्या डीव्हीडी वापरणाऱ्यांसाठी सांगतो. आपल्याकडील डीव्हीडी बहुधा पाल पद्धतीच्या असतात आणि त्यांवर 24 चित्रचौकटींचा चित्रपट सेकंदाला 25 चौकटींच्या वेगाने धावतो, त्यामुळे तो सुमारे चार टक्के लवकर संपतो. 107 मिनिटांचा पहिला भाग अशा डीव्हीडीवर सुमारे 103 मिनिटांत उरकतो. मिनिटांचे आकडे दुसऱ्याच्या नोंदींशी जुळले नाहीत, तर घाबरून जाऊ नये.

रोजकीर्द: जे दिसले ते, जसेच्या तसे

पहिली वही रोजकीर्दीची. चित्रपट ज्या क्रमाने प्रदर्शित झाले त्या क्रमाने पाहावेत आणि काळाशी संबंधित प्रत्येक उल्लेख, तो कितीही किरकोळ वाटला तरी, आल्या क्रमाने उतरवावा: मिनिट, बोलणारे पात्र, नेमका आकडा, आणि तो आकडा लिहिलेला होता, बोललेला होता की आपण केवळ ताडला, हे चार रकाने पुरतात. या टप्प्यावर अर्थ लावू नये आणि जुळवाजुळव तर मुळीच करू नये.

हा नियम मी ठेच लागल्यावर शिकलो. पहिल्या खेपेस मी पेन्सिलीने लिहीत होतो. तिसऱ्या भागात जॉन कॉनर म्हणतो की तो तेरा वर्षांचा असताना त्याला मारण्याचा दुसरा प्रयत्न झाला. दुसऱ्या भागात तो दहा वर्षांचा आहे हे मला पाठ होते, म्हणून मी ऐकण्यात चूक झाली असे समजून तेराचे दहा केले. पंधरा दिवसांनी भाचा तोच भाग पाहत असताना थांबला आणि म्हणाला, “मामा, हा तर तेरा म्हणतोय. तुमच्या वहीत दहा कसं?” खोडरबराची पुसट खूण पानावर होतीच. मालिकेतील सर्वांत चांगली विसंगती मी स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती. दुकानात अशी खाडाखोड मी कुणाला करू दिली नसती. तिथे चुकीची नोंद तशीच ठेवून खाली दुरुस्तीची वेगळी नोंद घालतात. तेव्हापासून पेनच वापरतो.

नोंदीचे वजन

प्रत्येक उल्लेखाचे वजन सारखे नसते. पडद्यावर लिहून आलेले वर्ष, संगणकाच्या पडद्यावरची जन्मतारीख किंवा थडग्यावरचे सन हे पावतीसारखे असतात. पात्राने स्पष्ट आकड्यासह सांगितलेली गोष्ट त्याखालोखाल येते. ‘तीन वर्षांत’, ‘काही महिन्यांत’ असे सापेक्ष उल्लेख आणखी खाली, आणि नटाच्या चेहऱ्यावरून ताडलेले वय अगदी तळाला. जाहिराती, कादंबऱ्या, मुलाखती यांना या वहीत स्थान देऊ नये, कारण त्या अनेकदा विसंगती लक्षात आल्यानंतर तिच्यावर ओढलेली चादर असतात.

बोलणारा कोण आहे, हेही पाहावे. सांगलीत एखाद्या घराच्या भिंतीवर पाण्याची खूण दिसली की ती 2005 च्या पुराची की 2019 च्या, यावर घरातच दोन मते निघतात. खूण खोटी नसते, सांगणाऱ्याची आठवण तेवढी सरमिसळ झालेली असते. काइल रीझ पहिल्या भागात ठामपणे सांगतो की आपल्यामागून कुणी येणार नाही, कारण काळप्रवासाचे यंत्र नष्ट केले जाणार आहे. दुसऱ्या भागात आणखी दोघे येतात. अनेकजण ही विसंगती म्हणून मांडतात. पण रीझ निघाल्यानंतर 2029 मध्ये काय घडले, हे त्याने पाहिलेलेच नाही. त्याला जे सांगितले गेले तेवढेच तो सांगतो. ही साक्षीदाराची मर्यादा आहे, लेखकाची चूक ठरवण्याची घाई करू नये.

खतावणी: एकेका पात्राचे खाते

रोजकीर्द पुरी झाली की तिच्यातील नोंदी खात्यांवर चढवाव्यात. खाती पात्रांची, घटनांची आणि यंत्रांची असावीत. विसंगती रोजकीर्दीत जवळजवळ दिसत नाहीत, कारण दोन परस्परविरोधी उल्लेखांमध्ये बारा वर्षे आणि दोन चित्रपट असू शकतात. खात्यावर मात्र त्या एकाखाली एक येऊन बसतात.

जॉन कॉनरचे खाते उघडून पाहू. पहिल्या भागातील घटना मे 1984 च्या मध्यावर घडतात आणि त्याच सुमारास त्याचा गर्भ राहतो. दुसऱ्या भागात पोलिसांच्या गाडीतील संगणकावर त्याची जन्मतारीख 28 फेब्रुवारी 1985 आणि वय 10 दिसते. गर्भधारणेपासून सरासरी 266 दिवस धरले, तर जन्म फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात यायला हवा. साडेतीन आठवड्यांचा उशीर होतो. आमच्या घरी बायकांनी ऐकताच “होतं असं” म्हणून तो विषय संपवला, आणि मीही तो सोडून दिला. प्रत्येक हिशेबात थोडी सूट आधी ठरवून ठेवावी लागते, नाहीतर पै-पैच्या फरकापायी रुपयांचा फरक नजरेतून सुटतो.

आता मोठा फरक. जन्म फेब्रुवारी 1985 चा आणि वय दहा, म्हणजे दुसरा भाग 1995 मध्ये घडतो. याच भागात युद्धाची तारीख 29 ऑगस्ट 1997 अशी दिली आहे, आणि स्कायनेट ही संगणकप्रणाली त्याच महिन्याच्या 4 तारखेला सुरू होणार असे यंत्रमानव सांगतो. परंतु त्याच बोलण्यात, काही वाक्ये आधी, तो म्हणतो की सायबरडाइन ही कंपनी तीन वर्षांत लष्करी संगणकांची सर्वांत मोठी पुरवठादार होईल, आणि त्यानंतर स्कायनेटच्या निधीचे विधेयक मंजूर होऊन प्रणाली सुरू होईल. 1995 मध्ये तीन मिळवले तर 1998 येते, म्हणजे कंपनी मोठी होण्याआधीच जग संपलेले असते. हे वाक्य 1994 मध्ये उच्चारले असते तर चालले असते. म्हणजे एकाच चित्रपटात पावतीवर 1995 आणि तोंडी हिशेबात 1994 आहे. आपल्या वजनाच्या नियमाप्रमाणे संगणकावरची नोंद वरचढ ठरते, वर्ष 1995 कायम होते आणि ‘तीन वर्षे’ ही नोंद चुकीची म्हणून राहते. पुसायची नाही.

आता माझ्या खोडरबराकडे परत येतो. तिसऱ्या भागातले तेरा हे केवळ दुसऱ्या भागातल्या दहाशी विसंगत आहे असे नव्हे, तर ते मुळात बसूच शकत नाही. फेब्रुवारी 1985 मध्ये जन्मलेला मुलगा फेब्रुवारी 1998 मध्ये तेराचा होतो. दुसऱ्या भागातील सारी धडपड ऑगस्ट 1997 टाळण्यासाठी आहे. जॉन तेरा वर्षांचा असताना ती घडली असे मानले, तर ज्या दिवसापासून जग वाचवायचे तो दिवस उलटून सहा महिने झालेले असतात. दोन आकड्यांतला फरक दाखवणे ही विसंगतीची पहिली पायरी झाली. त्या फरकाने कथेचा कोणता खांब हलतो हे दाखवल्याशिवाय नोंद पुरी झाली असे मी मानत नाही.

साराचे खाते यापेक्षा लहान आहे. तिसऱ्या भागात तिच्या थडग्यावर 1959 ते 1997 असे कोरलेले आहे, त्यानुसार 1984 मध्ये ती पंचविशीत येते. 2015 च्या भागात 1973 साली ती नऊ वर्षांची दाखवली आहे, म्हणजे 1984 मध्ये वीसच्या आसपास. दोन्ही लिहिलेल्या किंवा स्पष्ट सांगितलेल्या गोष्टी आहेत आणि पाच वर्षांचा फरक सुटीत बसत नाही. मात्र हा फरक विसंगती म्हणून धरण्याआधी पुढची पायरी करावी लागते.

फाटे आखावेत

एका मोठ्या कागदावर आडवी रेघ ओढून तिच्यावर 1984, 1995, 1997 आणि 2029 ही वर्षे मांडावीत. ही मूळ रेघ. दुसऱ्या भागाच्या शेवटानंतर तिला फाटे फुटतात. एका फाट्यावर 2003 चा भाग येतो, जो म्हणतो की युद्ध टळले नाही, केवळ पुढे ढकलले गेले. त्याच फाट्यावर 2009 चा भाग आहे, जो 2018 मध्ये घडतो. दुसरा फाटा 2015 च्या भागाचा. तो दुसऱ्या भागानंतर नव्हे, तर त्याच्याही आधीपासून, साराच्या बालपणापासूनच वेगळा निघतो आणि युद्धाला 2017 मध्ये आणून सोडतो. तिसरा 2019 चा: कॅमेरॉन निर्माते म्हणून परतले, मधले तीन भाग बाजूला ठेवले गेले आणि कथा थेट दुसऱ्या भागाला जोडली गेली. त्यात 1998 साली ग्वाटेमालात जॉन मारला जातो, आणि पुढे स्कायनेटऐवजी लीजन नावाची वेगळीच प्रणाली माणसांवर उलटते.

नियम असा की दोन नोंदी एकाच फाट्यावर असतील, किंवा एक नोंद दुसरीला आपला भूतकाळ मानत असेल, तरच त्या एकमेकींसमोर उभ्या कराव्यात. जॉनचा मृत्यू एका ठिकाणी 1998 मध्ये आणि दुसऱ्या ठिकाणी 2032 मध्ये सांगितला आहे. ही विसंगती नाही, ती वेगळ्या दुकानांची वेगळी खाती आहेत. साराच्या वयाचा फरक थोडा अवघड आहे, कारण काळात मागे जाऊन कुणाचा जन्म बदललेला नाही, आणि दोन्ही फाटे तिच्या जन्मानंतर फुटतात. जन्मवर्ष तरी एकच असायला हवे होते. म्हणून ती नोंद मी विसंगतीतच ठेवली आहे.

याच्या उलट अनुभव रीझच्या खात्यावर येतो. पहिल्या भागात तो म्हणतो की आपण युद्ध पाहिले नाही, त्यानंतर वाढलो. 2009 च्या भागात, 2018 साली, तो विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा दिसतो. त्या फाट्यावर युद्ध 2004 मध्ये झाले, म्हणून युद्धानंतर जन्मलेला मुलगा 2018 मध्ये फार तर चौदाचा असेल, असा हिशेब मांडून भाच्याने लाल शाईने फुली मारली होती. मी ती मानली नाही. पहिल्या भागातला रीझ ज्या रेघेवर बोलत होता, त्या रेघेवर युद्ध 1997 चे होते. त्याचा जन्म 2000 च्या आसपास धरला, तर तो जुन्या रेघेवर युद्धानंतरचा आणि नव्या रेघेवर युद्धाआधीचा ठरतो. युद्ध सरकले, मुलगा सरकला नाही. आमचा यावर अख्खा रविवार आणि भडंगाचे दोन पुडे खर्ची पडले, पण हिशेब बसला.

नियमांचे खाते

तारखांपेक्षा ही गोष्ट अवघड आहे, आणि बहुतेक याद्यांमध्ये ती नसतेच. प्रत्येक चित्रपट काळप्रवासाचे काही नियम बोलून किंवा कृतीतून सांगतो. त्यांचे स्वतंत्र खाते उघडावे.

पहिल्या भागाचा नियम बंद वर्तुळाचा आहे. रीझ भूतकाळात येतो म्हणूनच जॉन जन्मतो, आणि जॉन असतो म्हणूनच रीझ पाठवला जातो. शेवटी मेक्सिकोतील पेट्रोल पंपावर एक मुलगा साराचे छायाचित्र काढतो, आणि भविष्यात रीझच्या हातात असलेले छायाचित्र हेच असते. दुसऱ्या भागात कळते की स्कायनेटचा जन्मच पहिल्या यंत्रमानवाच्या उरलेल्या चिपमधून आणि हातातून झाला. हिशेबनिसाला हे खटकते, कारण आरंभीची शिल्लक कुठून आली याची नोंदच सापडत नाही. तरीही ही विसंगती नव्हे. वर्तुळ विचित्र असले तरी ते आतून जुळते. विरोधाभास आणि विसंगती यांत गल्लत करू नये, ही या कामातली सर्वाधिक होणारी चूक आहे.

विसंगती येते ती पुढे. दुसऱ्या भागात ती चिप वितळवली जाते, युद्ध टळले असे मानले जाते, म्हणजे रीझला पाठवण्याचे कारणच उरत नाही. तरी त्याचा मुलगा पडद्यावर उभाच असतो. पहिल्या भागात भूतकाळ बदलता येत नव्हता, दुसऱ्यात येतो, तिसऱ्यात येतो पण युद्ध चुकत नाही, आणि 2019 मध्ये युद्ध चुकते पण त्याच्या जागी दुसरे उगवते. चार चित्रपट, चार नियम. यातला एकही बदल कुणाच्या नजरचुकीने झालेला नाही. प्रत्येक वेळी नव्या कथेला जागा करण्यासाठी तो केला गेला. म्हणून याला चूक न म्हणता नियमबदल म्हणून वेगळे लिहावे आणि समोर प्रदर्शनाचे वर्ष घालावे. 1991 मध्ये तयार झालेला चित्रपट 1997 ला भविष्य मानू शकत होता. 2003 मध्ये ती तारीख मागे पडून सहा वर्षे झाली होती आणि प्रेक्षक जिवंत बसले होते. तारीख हलवण्याचे कारण कथेत नव्हे, भिंतीवरच्या कॅलेंडरात होते.

तेरीज आणि उचंत खाते

शेवटी तेरीज मांडावी, म्हणजे सर्व फरक एका पानावर उतरवावेत आणि प्रत्येकापुढे त्याची जात लिहावी: गुरुवारसारखी निर्मितीतील साधी चूक, तेरासारखा लेखनातला घोळ, रीझच्या विधानासारखी साक्षीदाराची मर्यादा, किंवा हेतुपुरस्सर केलेला नियमबदल. हीच पद्धत इतरत्रही चालते. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या 1968 च्या चित्रपटात यानाच्या घड्याळात 3978 हे वर्ष आहे, आणि 1970 च्या दुसऱ्या भागात त्याच्या शोधात मागून आलेल्या यानाचे वर्ष 3955 सांगितले आहे, लेखनातला घोळ. ‘एक्स-मेन’च्या 2000 सालच्या चित्रपटात प्रोफेसर झेवियर सांगतात की एरिक या मित्राची भेट सतराव्या वर्षी झाली, आणि 2011 च्या भागात ते दोघे 1962 मध्ये, प्रौढ वयात, प्रथमच भेटतात. हा नियमबदल म्हणावा की घोळ, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

जे कुठेच बसत नाही ते उचंत खात्याला टाकावे, जसे आम्ही न जुळलेली रक्कम तात्पुरती टाकतो, आणि पुढचा चित्रपट आला की ते खाते आधी उघडावे. माझ्या उचंत खात्यावर सध्या एकच मोठी नोंद आहे. पहिल्या भागात रीझ सांगतो की यंत्रातून केवळ जिवंत पेशींनी वेढलेली वस्तूच जाते, म्हणूनच यंत्रमानवाला मांस-कातडी चढवावी लागते. दुसऱ्या भागातला टी-1000 हा यंत्रमानव आरपार द्रवरूप धातूचा आहे. ही साक्षीदाराची मर्यादा म्हणता येत नाही, कारण रीझ स्वतः त्या यंत्रातून उघडा आला आहे. नियमबदलही म्हणता येत नाही, कारण दुसऱ्या भागातही येणारे उघडेच येतात. भाच्याने त्या नोंदीपुढे पेन्सिलीने ‘मामा, सोडून द्या’ असे लिहिले आहे. मी ते पुसलेले नाही.